स्लीव्हनंतर पुन्हा वजन उचलायचंय? आधी पाण्याची सोय करा

वजन उतरवण्यासाठी ज्यांचं पोटाचं स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकतात) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) ऑपरेशन होऊन दीड-दोन महिने झालेत, जखमा भरल्यात, काटा रोज खाली सरकतोय आणि आता हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑपरेशन करावं की नाही यावर इथे काही मिळणार नाही. जिमच्या बॅगेत टॉवेल, केसांचं रबर, कुलूप वगैरे तुमचं तुम्ही घ्यालच. घरातले म्हणतील, "वजन आपोआप उतरतंय, मग जिम कशाला?" त्यांना सांगा की उतरणाऱ्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात, आणि पहिल्या काही महिन्यांत भराभर जातात. नुसत्या चालण्यानं ते राहत नाहीत. त्यासाठी वजन उचलावं लागतं आणि प्रोटीन पोटात जावं लागतं. झालं, वाद संपला.

आता पाणी. जिममध्ये न्यायच्या बाटलीबद्दल बोलत नाहीये मी, ती सगळेच नेतात. जिमच्या आधीच्या बारा तासांतलं पाणी. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी, सुरुवातीला १०० ते १५० मिली मावेल एवढी. बायपासवाल्यांची पिशवी तर ३० मिलीच्या आसपास. घाम आला, घसा कोरडा पडला की अर्धी बाटली घटाघटा संपवायची, हा प्रकार आपल्यासाठी बंद झाला. प्यायलात तर छातीत कळ येते, नाहीतर आलं तसं परत. म्हणजे कोरड्या अंगानं जिममध्ये गेलात तर तिथे भरपाई करता येत नाही. येतच नाही. हे नीट डोक्यात बसवा, कारण जन्मभराची सवय उलटी असते.

हिशोब करून बघा. डॉक्टर दीड ते दोन लिटर सांगतात. जेवणाआधी अर्धा तास पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि खायलाही आता वीस-तीस मिनिटं लागतात. दिवसात चार-पाच वेळा थोडंथोडं खायचं तर सात तास त्यातच गेले. झोप सोडून उरतात आठ-नऊ तास, म्हणजे तासाला दोनशे मिली, चहाचे दोन कप. एका वेळी दोन घोट, दर दहा मिनिटांनी. ऑफिसात मीटिंग लांबली, तहान लागली नाही म्हणून राहून गेलं, की तो तास गेला. पुढच्या तासात चारशे मिली मावणार नाही. संध्याकाळी सहाची जिम असेल तर पाणी सकाळी सहाला सुरू. सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळी. फोनवर गजर लावा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला रबरबँड गुंडाळा, दुपारपर्यंत इतक्या खाली आलं पाहिजे म्हणून खूण. हसतील लोक, हसू दे. निघण्याआधी लघवीचा रंग बघा. गडद पिवळी असेल तर त्या दिवशी वजनं नाहीत, फिरून या.

यालाच जोडून बीपीची गोळी. हे कुणी सांगत नाही, किंवा सांगतात तेव्हा आपण ग्लानीत असतो. वजन उतरतं तसं बीपीही उतरतं, पण गोळीचा डोस जुन्या वजनाचाच चालू राहतो. त्यात बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं असतं. पाकिटावर नावाच्या शेवटी 'एच' दिसला तर डॉक्टरांना विचारा. एकतर पाणी कमी प्यायलेलं, वर पाणी काढणारी गोळी, आणि त्यावर पायांचा व्यायाम. लेग प्रेसवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात घूं आवाज भरतो, आणि पुढचं आठवतं ते रबरी मॅटचा वास आणि वर वाकलेला ट्रेनर. मला हे चांगलं पाठ आहे. म्हणून जिम सुरू करायच्या आठवड्यात घरी बीपी मोजा, एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर मिनिटभरानं, आणि आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. डोस ते बदलतील. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर हेच, उलट जास्त घाईनं, कारण खाणं घटलेलं असताना व्यायाम केला की साखर धाडकन खाली येते.

सर्जनकडून लेखी घ्या. "हो, करा हळूहळू" असं तोंडी नको. कितव्या आठवड्यापासून, किती किलोपर्यंत, पोटाचे व्यायाम कधी, हे कागदावर हवं. बहुतेक ठिकाणी पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलू देत नाहीत. कारण बाहेरून टाचणीएवढ्या दिसणाऱ्या त्या छिद्रांखाली पोटाच्या भिंतीचा जाड पडदा अजून जुळत असतो, आणि जोर पडला तर तिथे हर्निया होऊ शकतो. ही मर्यादा फक्त डंबेलला नाही. भरलेली बादली, कडेवरचं पोर, किराण्याच्या दोन्ही हातांतल्या पिशव्या, सगळं त्यात आलं. गॅसचं सिलिंडर तर विसराच, भरलेलं तीस किलोंच्या आसपास असतं. क्रंचेस, प्लँक, पाय उचलायचे प्रकार आणखी मागे, बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनंतर. ट्रेनर तुमचं सैल पडलेलं पोट बघून पहिल्याच दिवशी क्रंचेस सांगणार. त्याला कागद दाखवा. दाखवूनही ऐकत नसेल तर ट्रेनर बदला, जिम बदला.

प्रोटीन. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात, तुमचा आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या. आपल्याकडे घोळ असा होतो की "मी डाळ खाते की" म्हणतात. शिजलेल्या वाटीभर डाळीत सहा-सात ग्रॅम, आणि आता वाटीभर डाळ जातेय कुठे? अंड्यात सहा. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये अठराच्या आसपास, पण १०० ग्रॅम पनीर बसायला तास लागेल. म्हणून पावडर लागते, निदान पहिले काही महिने. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, भात-पोळी शेवटी राहिली तर. जिमच्या तास-दीड तास आधी थोडं खाल्लेलं असावं; उपाशीपोटी नको आणि जेवून लगेचही नको. आणि एक फसगत सांगते. प्रोटीन शेक पातळ असतो, म्हणून "पाणी झालं" असं मन धरून बसतं. शेक प्यायला अर्धा तास लागतो आणि त्या वेळात पाणी राहतं. शेकच्या दिवशी गजर एक जास्त लावा.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी याबद्दल फार बोलत नाही, यादी तुम्हाला डिस्चार्जच्या कागदावर दिलेली आहे. एवढंच की लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा. धाप फार लागत असेल, पायऱ्या चढवत नसतील, तर "स्टॅमिना वाढवायला" जास्त व्यायाम करण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

जिममध्ये तुम्हाला प्रेमानं देऊ केल्या जाणाऱ्या गोष्टी आणि त्यांना द्यायचं उत्तर: ग्लुकोजचं पाणी, नाही. बायपासवाल्यांना त्यानं डम्पिंग होतं: साखर झपाट्यानं आतड्यात उतरते, छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, आणि तासा-दोन तासांनी साखर खाली येऊन हातपाय थरथरतात ते वेगळंच. स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर), नाही. फॅट बर्नर, अजिबात नाही, हसू येतं. सोडा, एनर्जी ड्रिंक, नाही. साधं पाणी, मीठ टाकून लिंबूपाणी, पातळ ताक, एवढं पुरे. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या की घरातल्या डब्यात हात घालून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायची नाही. बायपासनंतर या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि स्लीव्हलाही डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. पॅरासिटामॉल चालते का ते विचारून ठेवा आणि तीच जिमच्या बॅगेत ठेवा.

बूट बघा. जुने असतील तर घालून, नाड्या बांधून, टाच उचलून बघा. वजन बरंच उतरलं की पाऊलही उतरतं, आणि सैल बुटात स्क्वॉट करताना पाय आत सरकतो. तोल तसाही बदललेला असतो; शरीराला जुन्या पोटाचं वजन पुढे धरायची सवय असते. ढगळ टी-शर्ट नको, मशीनच्या पट्ट्यात अडकतो. लोंबणाऱ्या कातडीच्या घडीत घाम साचून पुरळ येतं, म्हणून अंगाला बसणारे कपडे, आणि घरी आल्यावर घड्या कोरड्या पुसायच्या. लाजायचं कारण नाही, सगळ्यांना होतं, बोलत कुणी नाही.

प्रत्यक्ष सुरुवात कशी? आठवड्यातून दोन दिवस, मध्ये सुट्टी. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, रबरी बँड ओढणं, हलकी डंबेल्स. शेवटच्या दोन आवर्तनांना जोर लागला पाहिजे पण वाक्य बोलता आलं पाहिजे. श्वास कोंडून उचलायचं नाही, उचलताना सोडायचा. मशीनवरून उठायच्या आधी तिथेच बसून दहापर्यंत मोजा, मग उभे राहा, आणि मध्येच दोन घोट. सपाट बाकावर आडवं पडून करायचे प्रकार स्लीव्हवाल्यांना त्रास देतात, आंबट पाणी घशाशी येतं. बाक तिरपा करून घ्या. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर पर्वती चढायचा उत्साह थोडा आवरा. चढणं जमतं, उतरताना गुडघे बोलतात. एप्रिल-मे असेल तर बाहेरचा व्यायाम सकाळी सातच्या आत, आणि पाण्याचा हिशोब तासाला दोनशेवर थांबत नाही, तो वाढतो.

जिमवाले एका मशीनवर उभं करून चरबी आणि स्नायू किती ते कागदावर काढून देतात. तो कागद बघून रडू नका. ते मशीन अंगातून हलकी वीज सोडून मोजतं आणि अंगात पाणी कमी असलं की स्नायू कमी, चरबी जास्त दाखवतं. बघायचंच असेल तर दर वेळी त्याच वेळेला, नीट पाणी प्यायलेल्या दिवशी, महिन्यातून एकदा. त्यापेक्षा खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

पुढचं थोडक्यात. तीन महिन्यांनंतर सर्जन हो म्हणाले की वजनं हळूहळू वाढवा, एका वेळी एकच व्यायाम वाढवायचा. केस गळतात साधारण याच सुमाराला, जिममुळे नाही. सहा महिन्यांच्या आसपास काटा अडतो. खाणं आणखी कमी करू नका, रक्ततपासणी करा, वजनं चालू ठेवा. उपवासाच्या दिवशी जिम नाही. प्रवासात असाल, बसला थांबे कमी म्हणून पाणी टाळलं असेल, तर उतरल्या दिवशी जिम नाही. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर दोन दिवस जिम नाही. उलट्या थांबतच नसतील तर जिमचा प्रश्नच नाही, डॉक्टरांना फोन, कारण जीवनसत्त्व बी-१ संपलं की नसांवर येतं. वर्षभरानंतर आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं-सायकल-पोहणं यापैकी काही आणि दोन दिवस वजनं, बाकी सर्वांसारखंच.

लगेच थांबायचं कधी: बसल्या जागी नाडी १२० च्या आसपास राहतेय, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात न थांबणारी कळ, एकाच पोटरीला सूज, व्रणाजवळ गाठ, उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जाणं. शेवटचं बहुधा पित्ताचे खडे, झपाट्यानं वजन उतरलेल्यांना होतात. "स्नायू आखडला" म्हणून शेकत बसू नका. कमरेपासून जांघेपर्यंत वळवळायला लावणारी कळ म्हणजे मुतखडा असू शकतो. तो बायपासवाल्यांना जास्त होतो आणि पाणी कमी प्यायलं की आणखीच, आता पुन्हा सांगत नाही. पुढे कधी सैल कातडी काढायचं ऑपरेशन केलंत तर वजनं परत बंद, परत सर्जनचा कागद, परत चार-पाच किलोंपासून.