रेसिंग साइडकारचं मॉडेल जोडताना या चुका टाळा

साध्या मोटारसायकलच्या किटवर हात बसलेला माणूस साइडकारकडे वळला की हमखास एक चूक करतो. आधी गाडी पूर्ण जोडतो, रंगवून चकचकीत करतो आणि मग तिला साइडकार लावायला बसतो. चार चाकांचं मॉडेल वाकडं असेल तर टेबलावर डुगडुगतं, चूक लगेच कळते. तीन चाकं मात्र कशीही टेकतातच. म्हणून इथे चूक लपते आणि सगळा डिंक वाळल्यावर समोरून बघावं तर गाडी एका कुशीला कललेली! माझं पहिलं मॉडेल असंच कललं होतं.

उपाय सोपा आहे. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर नुसती फ्रेम, तिन्ही चाकं आणि जोडणाऱ्या दांड्या डिंकाशिवाय बसवून पाहा. कंपासपेटीतला गुण्या मागच्या चाकाला लावा. सगळं मनासारखं झाल्यावरच दांड्या चिकटवा, त्याही सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सी डिंकाने, म्हणजे हलवायला वेळ मिळतो. सुपरग्लूने आधीच चिकटवून बसला असाल तर मॉडेल तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो, सांधा हलक्या हाताने सुटतो.

साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत नसतं, थोडं पुढे असतं. शिवाय त्याचं तोंड किंचित गाडीकडे वळलेलं असतं. किटमध्ये हे दिसलं की ‘साचा चुकलाय’ म्हणून सरळ करू नका. खऱ्या गाडीतही ते मुद्दामच तसं ठेवतात, नाहीतर साइडकारच्या ओढीने गाडी एका बाजूला जात राहते.

आता इतिहासाकडे. कोणत्या वर्षाची गाडी करतोय हे आधी ठरवा. 1949 साली साइडकार शर्यतींचं पहिलं जागतिक अजिंक्यपद एरिक ऑलिव्हरने नॉर्टन मोटारसायकलवर जिंकलं, तेव्हा चालक सीटवर बसायचा. गुडघे टेकून चालवायच्या बुटक्या गाड्या नंतर आल्या. त्या वर्षी ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये होता डेनिस जेंकिन्सन, जो 1955 मध्ये इटलीतल्या मिले मिलिया मोटार शर्यतीत चालक स्टर्लिंग मॉसच्या शेजारी वाट सांगायला बसला. असे तपशील कळले की मॉडेलमध्ये जीव येतो, म्हणून मी आधी वाचतो, मग कापतो.

1954 ते 1974 या 21 हंगामांपैकी 19 वेळा बीएमडब्ल्यू इंजिनाने विजेतेपद मिळवलं. त्यामुळे पुष्कळ जण बीएमडब्ल्यूच करायला घेतात, आणि हौसेने सुटी साखळी आणून लावतात. बीएमडब्ल्यूला साखळी नसते, मागचं चाक फिरवायला शाफ्ट म्हणजे फिरता दांडा असतो! साखळी नॉर्टनला.

साइडकार डावीकडे की उजवीकडे, हे फोटोवरून ठरवा, पण फोटो उलटा छापलेला नाही ना, हे गाडीवरच्या नंबरवरून तपासा. पॅसेंजरची आकृती ठेवणार असाल तर हँडल कुठे वळलंय ते बघा. साइडकार डावीकडे असेल तर डाव्या वळणावर तो साइडकारच्या बाहेर झुकतो आणि उजव्या वळणावर मागच्या चाकावरून पलीकडे. त्याच्या पकडायच्या कड्या विसरू नका, त्यांच्यावरच त्याचा जीव असतो.

जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर रिमचं प्लॅस्टिक हळूहळू खातात. माझ्या एका मॉडेलचं रिम दोन वर्षांत चिकट झालं. तेव्हापासून मी रिमच्या खाचेत पातळ ॲल्युमिनियम टेप लावूनच टायर चढवतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारलात तर रंगावर पांढुरकी साय धरते. ती आली तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी सावकाश वाळणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा ती जाते.

राहिले डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर आणि चिन्हं. जुना कागद पाण्यात टाकला की तुकडे होतात, म्हणून आधी नको असलेला एक डिकल भिजवून पाहा. तो फाटला तर पूर्ण कागदावर क्लिअर लॅकरचा पातळ थर मारा आणि वाळल्यावर प्रत्येक नंबर अगदी कडेने कापून घ्या.