वर्ल्ड ईटर्स कसे खेळावेत: आधी भिंत, मग कुऱ्हाड

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या युद्धखेळात माझं सैन्य वर्ल्ड ईटर्सचं. लाल चिलखतं, दातेरी कुऱ्हाडी, आणि बंदुका नावापुरत्या. मी लेस्टरला राहतो, हा खेळ बनवणाऱ्या कंपनीचं गाव नॉटिंगहॅम ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे स्पर्धांना तोटा नाही. तिथे आपली नवी मुलं भेटतात, हेच सैन्य घेतात आणि पहिल्याच टर्नला, म्हणजे पाळीला, सगळं पुढे पळवतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. नियम २०२३ च्या दहाव्या आवृत्तीचे, सामना प्रत्येकी २००० पॉइंटांच्या सैन्यांचा, टेबल ६० बाय ४४ इंच.

हातघाईचं सैन्य मूव्हमेंट फेजमध्ये, म्हणजे टर्नच्या हालचालीच्या टप्प्यात जिंकतं. फाइट फेजला, म्हणजे हातघाईच्या टप्प्याला पोचेपर्यंत निकाल बहुतेक लागलेला असतो. सामना पाच राउंडांचा, एका राउंडमध्ये दोघांची एकेक टर्न, आणि मोक्याच्या जागा धरण्याचे मुख्य गुण दुसऱ्या राउंडपासून मोजतात. म्हणजे पहिल्या टर्नला मैदानाच्या मधोमध जाऊन हाती काहीच लागत नाही, मार तेवढा पडतो. तेव्हा दबा धरा. पडक्या इमारतीच्या पायाच्या, म्हणजे तिने टेबलावर व्यापलेल्या जागेच्या, पूर्ण पलीकडे उभे राहा. पायावर एक पाऊल जरी पडलं तरी ती इमारत तुम्हाला पूर्ण झाकत नाही, भिंतीच्या फटीतून जे दिसतं त्यावर गोळी येते. मी समोरच्याच्या प्रत्येक मोठ्या बंदुकीमागे वाकून बघतो आणि त्यालाही विचारतो, ‘इथून काही दिसतंय का?’ दोघांचं आत्ताच ठरलं की पुढे वाद होत नाही.

आता पल्ला. चार्जला, म्हणजे शत्रूवर धावून जाऊन भिडायला, दोन फासे; बेरीज येईल तितके इंच धावायचं. ५ किंवा जास्त यायची शक्यता ८३ टक्के, ७ ला ५८, ८ ला ४२, ९ ला फक्त २८. डीप स्ट्राइकने, म्हणजे सामना चालू असताना टेबलावर थेट उतरलेल्या युनिटला (तुकडीला) शत्रूपासून ९ इंचांहून लांब उतरावं लागतं, म्हणून त्याला ९ लागतात. डावपेचांसाठी मिळणारा एक कमांड पॉइंट मोजून फासे परत टाकले (कमांड री-रोल) तरी हा चार्ज जेमतेम ४८ टक्क्यांवर जातो. त्यावर सामन्याची भिस्त ठेवू नका. आपला पायदळातला बर्झर्कर ६ इंच चालतो आणि शत्रूच्या १ इंचात पोचला की चार्ज लागतो, म्हणून १२ इंचांवरच्या शत्रूला फाशांवर ५ पुरतात. त्यांना नेणारी ऱ्हायनो ही चिलखती गाडी भिंतीआड उभी असेल तर उतरण्याचे ३ इंच वर मिळतात. मात्र गाडी हलायच्या आधी उतरा. गाडी हलल्यावर उतरलेलं युनिट त्या टर्नला चालतही नाही आणि चार्जही करत नाही.

भिंतीपलीकडचा शत्रू हा वेगळा विषय. पायदळ भिंतीतून आरपार जातं, पण बर्झर्करचा बेस, म्हणजे बाहुलीखालची गोल चकती, ३२ मिलिमीटरचा आणि इंच २५.४ मिलिमीटरचा. जाणकार खेळाडू आपली माणसं भिंतीपासून इंचाहून जरा जास्त आणि ३२ मिलिमीटरहून कमी अंतरावर उभी करतो. मग बाहेरून तुम्ही इंचात पोचत नाही आणि आत बेस बसत नाही. चार्ज जाहीर करण्याआधी मोकळा बेस हातात घेऊन ती फट मोजाच. काही आयोजक यावर वेगळा नियम लावतात, तो सकाळीच विचारून घ्या.

मोठं युनिट सोडण्याआधी स्वस्त युनिट पुढे काढा. माझ्याकडे जाकल्स हे स्वस्त सैनिक आहेत. समोरच्याने पुढे पसरलेला सैनिकांचा पडदा ते फाडतात, आणि ओव्हरवॉच, म्हणजे तुमच्या टर्नमध्ये त्याने केलेला गोळीबार, त्यांच्यावर खर्च झाला तर सोन्याहून पिवळं, कारण तो टर्नला एकदाच वापरता येतो. साध्या बंदुका ओव्हरवॉचमध्ये ६ वरच लागतात. ज्वाला फेकणाऱ्या हत्यारांना मात्र नेम धरावाच लागत नाही, त्यांना खरंच जपा.

सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे. समोरचं युनिट साफ कापून काढलं की तुम्ही उघड्यावर उभे, आणि टर्न त्याचा. म्हणून चार्ज करतानाच पुढचं युनिट हेरून ठेवा. कत्तल झाल्यावर कन्सॉलिडेटचे, म्हणजे लढाईनंतर सरकायचे, ३ इंच मिळतात आणि भिडायला १ इंच पुरतो, म्हणजे ४ इंचांच्या आतलं युनिट तुमच्या हाती लागतं. जिथून हे जमेल त्या बाजूने चार्ज करा, वाटेत एखादा इंच जास्त खर्च झाला तरी चालेल. पायदळाला असं चिकटलात की पिस्तुलं सोडून ते गोळी झाडू शकत नाही आणि बाकीचेही तुमच्यावर झाडू शकत नाहीत. ते मागे हटलं तर तुम्ही परत उघडे पडता, पण सहसा त्या युनिटचा गोळीबार आणि चार्ज त्या टर्नपुरते जातात. रणगाडे आणि राक्षस याला अपवाद, ते भिडलेले असतानाही नेमात १ कमी करून गोळ्या घालतात.

दोन-तीन ठिकाणी एकदम चार्ज लागले तर ज्या युनिटचा पलटवार सगळ्यात जड, तिथे आधी लढा. समोरच्याकडे २ कमांड पॉइंट उरले असतील तर तुमची पहिली लढाई संपताच तो काउंटर-ऑफेन्सिव्ह हा डाव टाकून मध्येच घुसतो, म्हणजे आपलं युनिट आधी लढवतो. त्याच्या पॉइंटांवर माझी नजर कायम असते.

ब्लेसिंग्जचे, म्हणजे आपल्या सैन्याला मिळणाऱ्या वरदानांचे, ८ फासे दर राउंडच्या सुरुवातीला पडतात, त्यातून जास्तीत जास्त दोन वरदानं. आपला सेनापती अँग्रॉन मेलेला असेल तर तीन ६ त्याला परत आणतात, पण त्यावर बेत आखू नका. सैन्य मात्र पूर्ण रंगवून न्या, त्याचे १० गुण कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

स्पर्धेत घड्याळ असतं आणि आपलं सैन्य वेळखाऊ, कारण एकेक बाहुली हलवून भिडवावी लागते. मी १, ३ आणि ९ इंचांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि मोजलेले फासे डबीत तयार ठेवतो, आणि समोरचा खेळत असतानाच माझे चार्ज कुठून जाणार ते ठरवतो.