१९४० च्या उन्हाळ्यातलं स्पिटफायर : १/४८ प्रमाणात अचूक प्रतिकृती

किटचा डबा उघडण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: विमानाचा अनुक्रमांक आणि महिना. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या पहिल्या आवृत्तीचं, मार्क १ चं, नाव एकच असलं, तरी मे १९४० मधलं विमान आणि डिसेंबर १९४० मधलं विमान रंगात, खुणांत, अगदी रेडिओच्या तारांतही वेगळं आहे. जूनच्या सुरुवातीपर्यंत विमानाच्या खालच्या पृष्ठभागाची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी असे. मग 'स्काय' हा फिकट हिरवट रंग आला. त्या बदलात पंखांखालचे राउंडेल (हवाई दलाची गोल वलयांची खूण) बहुतेक विमानांवरून गेले आणि ऑगस्टमध्ये परतले. शेपटीपुढचा १८ इंची स्काय पट्टा आणि स्काय रंगाचा स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) आले नोव्हेंबरच्या अखेरीस. ऑगस्टच्या विमानाला हा पट्टा लावला, तर बाकीचं कितीही नीट केलं तरी प्रतिकृती चुकीचीच ठरते.

आकार समजून घ्यायला संग्रहालयातली विमानं उत्तम. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये टांगलेलं आर६९१५ हे ६०९ स्क्वाड्रनकडून १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या हवाई लढाईत उडालेलं मार्क १ आहे. रंग आणि खुणांसाठी मात्र त्या महिन्याचेच फोटो शोधा, कारण जतन केलेली विमानं पुन्हा रंगवलेली असतात. काही जुन्या फिल्मवर पिवळा रंग जवळजवळ काळा दिसतो. त्यामुळे राउंडेलचं पिवळं वलय 'नाही' असं ठरवण्याआधी दुसरा फोटो पाहा.

किटचे भाग टेपने तात्पुरते जोडून व्हर्नियर मोजपट्टीने मोजा. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये २३४ आणि १९० मिलिमीटर. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. पंखाची लंबवर्तुळाकार कड आणि मुळाशी मागच्या बाजूला असलेला वळसा चुकला, तर मात्र तो दुरूनही दिसतो. मार्क १ च्या पंखांखाली दोन्ही बाजू सारख्या नसतात: उजवीकडे मोठा रेडिएटर, डावीकडे छोटा ऑइल कूलर. ही जोडी उलटी बसवण्याची चूक नेहमी होते.

कॉकपिटच्या भिंतींना करडा-हिरवा, सीटमागच्या चौकटीपलीकडे चंदेरी, पॅनल काळं. चार पट्ट्यांचा सटन हार्नेस (वैमानिकाला सीटला बांधणारे पट्टे) नक्की करा. उघड्या कॉकपिटमध्ये नजर आधी तिथेच जाते. दारावर लाल पहार रंगवू नका, युद्धकाळात ती लाल नसे.

आता पंखांची जोडणी, आणि इथे घाई अजिबात नको. धडाचे दोन भाग चिकटवताना चिमट्यांनी जास्त दाबले तर धड अरुंद होतं आणि पंखाच्या मुळाशी फट पडते. ती पुट्टीने भरली की घासताना आजूबाजूच्या पॅनल लाईनही (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) जातात. म्हणून फट येऊच देऊ नका: पंखाच्या मुळाच्या रेषेत, धडाच्या आत, स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) एक तुकडा आडवा टेकू म्हणून बसवा. फट बंद होईपर्यंत पाव-पाव मिलिमीटरने त्याची लांबी जुळवा. पंखांचा चढ ६ अंश. जाड पुठ्ठ्याचा साचा कापा, पण मापताना लक्षात ठेवा की पंख टोकाकडे पातळ होत जातो; खालची बाजू ६ पेक्षा जास्त चढलेली आणि वरची कमी चढलेली दिसते. माप जाडीच्या मध्यरेषेवर घ्या. पातळ गोंद सांध्यात सोडून रात्रभर साच्यातच ठेवा. सांधा दुसऱ्या दिवशी ४००, ६००, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने याच क्रमाने घासा. गोंद ओला असताना घासलात तर आठवड्याभराने तिथे खोलगट रेघ उमटते, कारण गोंदाने मऊ झालेलं प्लॅस्टिक वाळताना आकसतं.

फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपा) वरच ठेवा. स्पिटफायरच्या फ्लॅपना पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोनच अवस्था होत्या, आणि उतरल्यावर वैमानिक ते लगेच वर घेत. एलिव्हेटर (आडव्या शेपटीचे हलते भाग) थोडे खाली झुकलेले चालतील. मार्क १ चे एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे हलते भाग), एलिव्हेटर आणि रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) कापडाने मढवलेले होते. त्यांच्यावर धातूचे ओरखडे काढू नका.

रंगांचा क्रम: आधी स्काय, मग डार्क अर्थ (मातकट तपकिरी), शेवटी डार्क ग्रीन. एअरब्रशची सुई ०.२ ते ०.३ मिमी, दाब १५ ते २० पीएसआय. दोन रंगांमधली कड किती मऊ हवी? खऱ्या विमानावर ती इंचभराच्या आत असे, म्हणजे आपल्याकडे अर्धा मिलिमीटर. मोकळ्या हाताने फवारलेली धुरकट कड त्यामुळे चूक दिसते. चिकटमातीची बारीक वळी कडेवर ठेवा, आतला भाग टेपने झाका आणि फवारा पृष्ठभागाला काटकोनात मारा. तिरका गेला की रंग वळीखाली शिरतो. या तपकिरी-हिरव्या नक्षीचे ए आणि बी हे दोन आरसाप्रतिमा असलेले प्रकार. सम अनुक्रमांकाला ए, विषमाला बी असा साधारण नियम, पण खात्री फोटोवरूनच.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) लावण्याआधी चकचकीत वार्निश हवंच. खरखरीत मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. ३५ इंची ए१ (पिवळं वलय असलेल्या) राउंडेलची वलयं ५, १५, २५, ३५ इंच व्यासाची; १/४८ मध्ये २.६, ७.९, १३.२ आणि १८.५ मिमी. पट्टीने तपासा, किटमधले लाल ठिपके बरेचदा मोठे असतात. अनुक्रमांकाची ८ इंची अक्षरं ४.२ मिमी उंच येतात.

झीज बेताने दाखवा. त्या उन्हाळ्यातली कित्येक विमानं काही आठवडेच टिकली. वैमानिक आणि मेकॅनिक डावीकडून चढत, म्हणून ओरखडे डाव्या पंखाच्या मुळाशी. गंज नाही, सांगाडा ॲल्युमिनियमचा. आठ ब्राउनिंग मशीनगनच्या नळ्यांसमोर लाल कापडी ठिगळं असतात. ती अखंड दाखवली, तर पंखाखाली बंदुकीच्या धुराचे काळे पट्टे ओढू नका. गोळीबार झाला की ठिगळं फाटत.

कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवा, सुपरग्लूच्या वाफेने काच पांढरी पडते. प्रोपेलरचा पीळ तपासा: मर्लिन इंजिनावर तो कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. शेवटी तारा. एचएफ (जुन्या, कमी फ्रिक्वेन्सीच्या) रेडिओच्या विमानावर कॉकपिटमागच्या खांबापासून रडरपर्यंत एक तार. व्हीएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीचा) रेडिओ आल्यावर ती गेली, आणि आयएफएफ (विमान आपलं की शत्रूचं हे ओळखण्याचं यंत्र) बसवलेल्या विमानांवर आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांपासून धडाच्या बाजूंपर्यंत एकेक तार आली. मेणबत्तीपासून थोडं अंतर ठेवून स्प्रू तापवा, मऊ होताच ताणा, आणि ०.१ मिमीहून जाड निघालेला धागा टाकून द्या.