अमेरिका-जपान शुल्काची बातमी कशी वाचावी

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. आमचा माल न्हावा शेव्याहून अमेरिकेला जातो. तिथल्या खरेदीदाराच्या टेबलावर आमच्या कोटेशनशेजारी बरेचदा एखाद्या जपानी कंपनीचंही कोटेशन असतं. त्यामुळे वॉशिंग्टन आणि टोकियोमध्ये काही ठरलं की आमच्याकडे लगेच विचारणा सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जपानी गाड्या आणि सुट्या भागांवरचं अमेरिकी शुल्क १५ टक्क्यांवर आलं. आपल्या सुट्या भागांवर तेव्हा २५ टक्के होतं. भाग एकाच प्रकारचा, फक्त बनवणारा देश वेगळा, आणि तेवढ्यावर दहा टक्क्यांचं अंतर. आमच्यासारख्या कमी मार्जिनच्या धंद्यात एवढ्यावर ऑर्डर फिरते.

विभागात नवीन येणाऱ्यांना मी व्यापारातल्या वादांच्या बातम्या वाचायला शिकवते, तेव्हा जपानपासूनच सुरुवात करते. या दोन देशांचं भांडण १९५० च्या दशकातल्या स्वस्त सुती ब्लाउजांपासून चालू आहे. पुढे पोलाद, रंगीत टीव्ही, गाड्या, चिप, संत्री, बीफ असं एकेक करत सगळंच त्यात आलं. बहुतेक फेऱ्यांचा शेवट काय झाला ते आज माहीत आहे, त्यामुळे सरावासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी कागद, मग आकडा

२०२५ चं प्रकरण घ्या. २२ जुलै २०२५ ला जाहीर झालं की जपानी मालावर १५ टक्के. जपानी बाजूची समजूत अशी होती की जुनं शुल्क १५ च्या आत असेल तर एकूण १५, आणि जास्त असेल तर जुनंच राहील. पण दोघांनी सही केलेला मसुदा नव्हता. ७ ऑगस्टपासून अंमल सुरू झाला तेव्हा जुन्या शुल्कावर आणखी १५ चढवले गेले. बीफवर आधीच २६.४ टक्के होतं, ते ४१.४ होणार होतं. युरोपीय संघाला मात्र त्याच आदेशात 'सर्व मिळून १५' अशी सवलत लिहून मिळाली होती. जपानचे वाटाघाटी करणारे मंत्री र्‍योसेई आकाझावा पुन्हा वॉशिंग्टनला गेले. ४ सप्टेंबरला दुरुस्त आदेश निघाला आणि ही सवलत ७ ऑगस्टपासून मागे लागू झाली. गाड्यांसाठी तारीख वेगळी होती, १६ सप्टेंबर. तोवर गाड्यांवर मूळचे २.५ आणि वरचे २५ मिळून २७.५ टक्के चालू होते.

म्हणून बातमी आली की वहीत या गोष्टी लिहायच्या. मूळ दर किती होता? नवा दर त्याला धरून आहे की त्याच्यावर चढवलेला? तारीख माल जहाजावर चढल्याची धरायची की तिकडच्या कस्टममधून सुटल्याची? आधीच समुद्रात असलेल्या कंटेनरचं काय? सवलत मागच्या तारखेपासून असेल तर परतावा कोण मागणार? हा प्रश्न विसरला जातो. परतावा मिळतो तो आयातदाराला, आणि त्यातला आपला वाटा आपण मागितल्याशिवाय येत नाही. या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी कुणालाही किंमत बदलून देत नाही. वर्तमानपत्रातला मथळा पुरेसा नसतो, मूळ आदेश आणि त्याची परिशिष्टं उघडावी लागतात. आपला एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक, तिथेच सापडतो.

आणखी एक. 'तात्पुरतं' या शब्दावर विश्वास ठेवू नका. पश्चिम युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर वाढवला म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं, ते २५ टक्के अजून पुस्तकात आहेत आणि जपानी पिकअपला आयुष्यभर त्रास देत आले आहेत.

मागणी कुणाची आहे ते शोधा

दोन देशांचं भांडण म्हणून बातमी वाचली की चुकायला होतं. अमेरिकेतल्या कुठल्या धंद्याने, कुठल्या राज्यातून दबाव आणला ते लिहा. १९६८ च्या निवडणुकीत निक्सन यांनी दक्षिणेकडच्या कापड गिरण्यांना संरक्षणाचं आश्वासन दिलं होतं. त्याच वेळी जपानला ओकिनावा परत हवं होतं. दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकले आणि पंतप्रधान सातो यांच्यावर कापडासाठी दबाव वाढत गेला. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सन यांनी शुल्क लागणाऱ्या आयातीवर १० टक्के अधिभार लावला. ऑक्टोबरमध्ये जपानने कापड निर्यात आवरायला मान्यता दिली. मे १९७२ मध्ये ओकिनावा परत मिळालं. तेव्हा जपानमध्ये लोक म्हणत, सूत विकून दोर घेतला. यातला 'दोर' म्हणजे ओकिनावाच्या नावातलं एक अक्षर. त्या सौद्याचा भार जपानमधल्या कापड विणणाऱ्या छोट्या मागवाल्यांवर पडला, आणि त्यांना या वाटाघाटीत कुणी विचारलंही नव्हतं.

शुल्क आहे की कोटा?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण पैसा कुणाच्या खिशात जातो ते इथे ठरतं. शुल्क लागलं तर फरक अमेरिकी तिजोरीत जातो. कोटा लागला आणि तो निर्यातदार देशच वाटत असेल, तर फरक निर्यातदाराकडे राहतो.

१९८१ चं गाड्यांचं प्रकरण याच कारणासाठी पाठ करावं. तेलाच्या दुसऱ्या धक्क्यानंतर अमेरिकी लोक छोट्या जपानी गाड्या घेऊ लागले. क्राइस्लर बुडता बुडता सरकारी हमीवर वाचली होती. रेगन सरकारला उघड कोटा लावायचा नव्हता, म्हणून जपाननेच 'स्वेच्छेने' मर्यादा घालून घेतली: वर्षाला १६.८ लाख गाड्या. १९८४ मध्ये ती १८.५ लाख झाली आणि १९८५ मध्ये २३ लाख. कुणी किती पाठवायच्या ते जपानचं व्यापार मंत्रालय ठरवत होतं.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. गाड्यांची संख्या ठरलेली आहे, मागणी त्याहून जास्त आहे. मग साधी गाडी कशाला पाठवायची? जपानी कंपन्यांनी मोठं इंजिन, एअर कंडिशनर, भारी सीट असलेली मॉडेलं पाठवायला सुरुवात केली. किमती चढल्या आणि वरचा नफा जपानकडे गेला. डेट्रॉइटनेही, म्हणजे तिथल्या अमेरिकी गाडी कंपन्यांनीही, त्या आडोशाने आपल्या किमती वाढवल्या, आणि दोन्हीकडचा बोजा अमेरिकी ग्राहकाने उचलला. होंडाने १९८६ मध्ये अमेरिकेत ॲक्युरा आणली, १९८९ मध्ये टोयोटाची लेक्सस आणि निस्सानची इन्फिनिटी आली. ज्या महागड्या गटात डेट्रॉइट निर्धास्त होतं, तिथेच स्पर्धा उभी राहिली.

दुसरा परिणाम आमच्या धंद्याच्या जवळचा आहे. मर्यादा जपानमधून येणाऱ्या गाड्यांवर होती, जपानी कंपनीने ओहायोत बनवलेल्या गाडीवर नव्हती. नोव्हेंबर १९८२ मध्ये मेरिसव्हिलला होंडा अकॉर्ड बनू लागली, १९८३ मध्ये निस्सानचा कारखाना टेनेसीत सुरू झाला, १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एकत्र उत्पादन सुरू केलं. होंडा आणि निस्सान यांच्या घोषणा १९८० मध्येच, म्हणजे मर्यादा येण्याआधी झाल्या होत्या. तेव्हा सगळं श्रेय कोट्याला देऊ नका. पण दबाव दिसत होता आणि त्यांनी तो वेळेत ओळखला. त्यांच्या मागोमाग त्यांचे पुरवठादारही गेले. म्हणून वहीत एक रकाना ठेवा: अडवलेला माल आता कुठून आणि कुठल्या रूपात येईल?

चलनाचा दर शेजारी लिहा

२२ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये पाच देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा एका डॉलरला साधारण २४० येन पडत. १९८७ संपताना १२५ हून कमी. म्हणजे जपानी माल डॉलरमध्ये जवळपास दुप्पट महाग व्हायला हवा होता. तरी अमेरिकेची जपानबरोबरची तूट १९८७ मध्ये १९८५ पेक्षा जास्तच होती. कंपन्यांनी नफा कमी करून किमती धरून ठेवल्या, खर्च कापला, आयात कच्चा माल त्यांना स्वस्तही पडला. शुल्क पाहिलं आणि येन पाहिला नाही, तर समोरचा किती किंमत सोडू शकतो याचा अंदाज येत नाही.

आश्वासन मोजता येतं का?

१९८६ च्या चिप करारासोबत एक वेगळं पत्र होतं. त्यात जपानी बाजारात परदेशी चिपचा वाटा २० टक्के होण्याची अपेक्षा लिहिली होती. अमेरिकेने ते वचन मानलं, जपानने मानलं नाही. एप्रिल १९८७ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्क बसलं, त्यात चिप बनवण्याशी संबंध नसलेली विजेवरची हत्यारंही होती. दुसऱ्याच्या भांडणात आपला कोड असा सापडू शकतो. या अनुभवामुळे १९९५ मध्ये गाड्यांच्या वादात जपानचे व्यापारमंत्री र्‍युतारो हाशिमोतो यांनी सरकारी आकडा लिहून द्यायला नकारच दिला. अमेरिकेने १३ महागड्या मॉडेलांवर १०० टक्के शुल्काची धमकी दिली होती, तरी २८ जूनला जिनिव्हात तडजोड झाली ती सरकारी लक्ष्याशिवाय.

२०२५ चा करार याच नजरेने वाचा. '५५० अब्ज डॉलर गुंतवणूक' यात कर्ज आणि हमीही धरलेली आहे. 'अमेरिकी तांदळाची खरेदी ७५ टक्के जास्त' हीसुद्धा बिनशुल्क आयातीच्या जुन्या ७.७ लाख टनांच्या मर्यादेतच. म्हणजे अमेरिकेचं वाढलं की दुसऱ्या कुणाचं तरी घटणार. ते कोण, ते शोधा.

माणसं विसरू नका

जून १९८२ मध्ये डेट्रॉइट भागात व्हिन्सेंट चिन या तरुणाला गाडी उद्योगाशी संबंधित दोघांनी बॅटने मारलं. त्यात तो गेला. तो जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकी होता. राज्याच्या न्यायालयाने दोघांना दंड आणि प्रोबेशन दिलं, तुरुंग नाही. ही घटना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. नेते 'ते आपली कामं चोरतात' असं बोलू लागले की तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांची चौकशी करणं हाही या कामाचाच भाग आहे. असं बोट आपल्याकडेही वळू शकतं: १९८९ मध्ये अमेरिकेने सुपर ३०१ खाली, म्हणजे व्यापारात अडथळे आणणारे देश नावानिशी जाहीर करायच्या कायद्याखाली, बोट दाखवलं तेव्हा जपानबरोबर ब्राझील आणि भारताचंही नाव होतं.

आता स्वतःचं कोटेशन उघडा

डिलिव्हरीची अट बघा. एफओबी (माल इथे जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आपली) असेल तर तिकडचं शुल्क खरेदीदार भरतो, पण किंमत कमी करा असं म्हणेलच. डीडीपी (शुल्क भरून खरेदीदाराकडे पोच) असेल तर ते तुमच्यावर आहे. तेव्हा कोटेशन कुठल्या तारखेच्या शुल्कावर धरलं आहे ते लिहा, दर बदलला तर फरक कोण किती सोसणार ते टक्क्यांत लिहा, आणि परतावा आला तर तोही त्याच प्रमाणात वाटायचा हे वेगळ्या ओळीत लिहून खरेदीदाराची सही घ्या.