देशोदेशीच्या दरडोई कार्बनची तुलना कशी करावी

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत पर्यावरणाच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की एकच आलेख फिरायला लागतो: चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. वर शीर्षक ‘दरडोई’, आत आकडे एकूण उत्सर्जनाचे. दरडोई पाहिलं तर आपण वर्षाला जेमतेम २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, चीन ८ च्या आसपास आणि अमेरिका १४-१५. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळपास.

आकडे ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळावरून घ्या. तिथं ते ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाकडून येतात. एक्सेलमध्ये लाइन चार्ट कसा काढायचा हे सांगत बसत नाही.

एकक तपासा. काही तक्ते नुसत्या कार्बनचे असतात, त्यांना ३.६७ ने गुणल्यावर कार्बन डायऑक्साइड मिळतो. मिथेन वगैरे धरलेल्या ‘समतुल्य’ आकड्यांची यात भेसळ नको.

देश पाच-सहा पुरेत. कतार टाळा. तिथली दरडोई रेषा २००० नंतर बरीच उतरलेली दिसते, पण एकूण धूर, म्हणजे उत्सर्जन, वाढतच होता. बाहेरून आलेल्या कामगारांमुळे लोकसंख्या काही पटींनी फुगली आणि भागाकार लहान झाला. शेवटचं वर्ष २०२० ठेवू नका, लॉकडाऊनचा खड्डा म्हणजे कल नव्हे.

आता खरी गोची. धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा? याच पायरीनं मला सगळ्यात जास्त घाम फोडला आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ‘सोप्या’ मार्गदर्शनांत गायब असते.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतलेलं पंपाचं कास्टिंग जर्मनीला गेलं. भट्टीच्या विजेसाठी कोळसा भारतात जळला, म्हणून नेहमीच्या हिशेबात तो धूर भारताचा. पंप चालणार जर्मनीत, तरी त्यांच्या खात्यावर शून्य. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे उपभोगावर आधारलेल्या हिशेबात, तोच धूर माल वापरणाऱ्याच्या नावावर चढतो. ही आकडेवारी १९९० पासूनच मिळते, त्यामुळे तुमचा आलेखही तिथूनच सुरू करा. पहिली रेषा १९६० पासून आणि दुसरी १९९० पासून काढलीत तर बघणाऱ्याची दिशाभूल ठरलेली.

फरक किती पडतो? स्वित्झर्लंड पहिल्या, म्हणजे नेहमीच्या हिशेबात आपल्या दुप्पट, म्हणजे साधारण ४ टन. उपभोगाच्या हिशेबात तोच देश त्याच्या दुपटीहून वर जातो. चीन आणि भारत मात्र थोडे खाली सरकतात. ब्रिटन वर सरकतो.

इथं लगेच कुणीतरी म्हणतं, “बघा, गोऱ्यांनी धूर चीनला ढकलला आणि स्वतः स्वच्छ झाले.” तेही अर्धवट. ब्रिटनच्या दोन्ही रेषा उतरल्या आहेत, उपभोगाची कमी उतरली एवढंच. त्यांनी कोळशाची वीजकेंद्रं खरोखर बंद केली, शेवटचं रॅटक्लिफ-ऑन-सोअर सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणून माझा नियम पक्का आहे: प्रत्येक देशाला एक रंग, पहिला हिशेब सलग रेषेत, दुसरा तुटक. एकच रेषा दाखवून निष्कर्ष काढणाऱ्याला मी प्रोजेक्ट परत देतो. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं पहिल्या हिशेबात कुठल्याच देशाच्या खात्यावर नसतात, ही ओळ आलेखाखाली लिहाच.

टक्के वापरायचा मोह आवरा. १९९० पासून भारताचं दरडोई उत्सर्जन तिपटीच्या आसपास गेलं, हे ऐकायला भयंकर वाटतं. टनांत ती वाढ दीडच्या आसपास आहे. अमेरिकेनं २००० पासून माणशी जी घट केली, ती एकटीच आपल्या आजच्या आकड्याच्या जवळपास तिप्पट भरते, आणि तरीही ते आपल्या सातपट सोडतात. अक्ष शून्यापासून, टनांत, बस्स.

राहता राहिला आपल्या जिल्ह्याचा आकडा, जो दरवर्षी कुणीतरी काढतंच. कोयना साताऱ्यात आहे म्हणून सातारकर स्वच्छ ठरत नाहीत, ती वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. शिवाय या तक्त्यांत कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांसारखे उद्योग मोजलेले असतात. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, नाही आणि तोडणीनंतर फडात पेटवलेलं पाचटही नाही. भारताचा आकडा जिल्ह्याच्या नावानं छापू नका. जिल्ह्याचं करायचंच असेल तर विजेची बिलं आणि पेट्रोल-डिझेलचा खप गोळा करा, आणि तो आलेख वेगळ्या पानावर लावा.