पाळणाघरातील दीड ते तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग : पहिला आठवडा कसा सांभाळावा

पाळणाघरात नव्याने कामाला लागणारी ताई पहिल्याच दिवशी खेळांची यादी मागते. यादी जरूर असावी. परंतु वडोदऱ्यातल्या एका वर्गात काही वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या वयाच्या मुलांचा दिवस खेळात क्वचितच बिघडतो. तो बिघडतो दोन गोष्टींच्या मधल्या पाच मिनिटांत : सकाळी दारात आईचा हात सुटताना, खेळ आवरून हात धुवायला जाताना, जेवणावरून झोपेकडे वळताना. म्हणून आठवड्याची आखणी करताना आधी या मधल्या वेळा ठरवाव्यात आणि खेळ त्यांच्या आजूबाजूला बसवावेत.

सोमवार सर्वांत अवघड असतो, कारण रविवारभर मूल घरच्यांच्या अंगाखांद्यावर असते. मूल खेळात रमले की आईने गुपचूप निघून जावे, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. ज्या मुलाची आई एकदा न सांगता नाहीशी झाली, ते मूल पुढचे अनेक दिवस दाराकडे पाठ करून बसायला तयार होत नाही. आईने त्याच्याशी नजर मिळवून, "मी जाते, तू जेवून झोपून उठलास की घ्यायला येते," असे सांगावे आणि मग रेंगाळू नये. दारात मुलाला घेणारी व्यक्ती आठवडाभर एकच असावी, उभी राहण्याची जागाही तीच. अगदी नव्या मुलासाठी पहिल्या दिवशी आईसह तासभर, दुसऱ्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर, तिसऱ्या दिवशी ती थोडा वेळ दूर, अशी चढण ठेवावी. आईचा वापरलेला रुमाल किंवा ओढणी जवळ दिल्यास पुष्कळ मुले लवकर शांत होतात.

येथे भाषेचा एक बारकावा सांगायला हवा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातल्या मराठी घरातले मूल आणि शेजारच्या गुजराती घरातले मूल एकाच सतरंजीवर बसते. एकाची तुम्ही ताई, दुसऱ्याची बेन. गुजराती मूल "भू" म्हणते तेव्हा त्याला पाणी हवे असते, आणि मराठी ताई खिडकीतून कुत्रा दाखवत बसते. माझेच असे झाले आहे, आणि ते मूल बिचारे तहानेने आणखी जोरात रडू लागले. म्हणून प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक घराला पाणी, भूक, शी-शू, झोप आणि दुखणे यांसाठी मूल कोणता शब्द किंवा खूण वापरते ते विचारून भिंतीवर लावून ठेवावे.

सकाळच्या खेळासाठी फार सामान लागत नाही. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बालवाडीचा विचार महाराष्ट्रात रुजवला. लहान हातांना खरे काम द्यावे, हा त्या परंपरेतला आग्रह दीड-दोन वर्षांच्या मुलांनाही लागू पडतो : एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी ओतणे, सांडलेले फडक्याने पुसणे, मोठ्या झाकणांच्या जोड्या लावणे. पाण्याचा खेळ उथळ परातीत आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच ठेवावा. खेळ संपताच परात उपडी करावी, आणि भरलेली बादली तर वर्गात असूच नये.

आठवड्याच्या मध्यावर चावण्याचे प्रकरण येते, आणि त्यासाठी मनाची तयारी हवी. शब्द अजून आलेले नसतात, मागच्या दाढा येत असतात, जागा दाटीची असते आणि गाडी एकच असते. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यांतला समांतर खेळ या वयात ठळक दिसतो : मुले एकमेकांशेजारी खेळतात, एकत्र नव्हे. त्यामुळे "वाटून घ्या" असे सांगत बसण्यापेक्षा एकाच खेळण्याचे दोन-तीन नग ठेवणे अधिक उपयोगी. चावल्यास आधी ज्याला चावले त्याला जवळ घ्यावे, जागा साबण-पाण्याने धुऊन थंड फडके लावावे, कातडी फाटली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. चावणाऱ्याला एकच छोटे वाक्य, शांत आवाजात : "चावायचे नाही, दुखते." उलट चावून दाखवण्याचा उपाय काही आज्या मनापासून सुचवतात, तो नम्रपणे नाकारावा. दोन्ही घरांना घडलेले सांगावे, पण दुसऱ्या मुलाचे नाव घेऊ नये. प्रत्येक वेळी वहीत वेळ लिहावी. आमच्या वहीत बहुतेक नोंदी जेवणाच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत निघाल्या. जेवण थोडे अलीकडे आणल्यावर प्रकार बरेच कमी झाले.

जेवणात वरण-भात, मऊ खिचडी, केळे सोयीचे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या वर्गात येऊ देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरावीत. घरून डब्यात खाखरा आला तर तो वरणात भिजवून द्यावा. मुले बसूनच खातील आणि एक जण सतत त्यांच्याकडे पाहत राहील, एवढे पाळावे.

जेवणानंतर लगेच अंथरुणावर घालू नये. हात-तोंड धुणे, डायपर बदलणे, पडदा ओढणे आणि तीच एक अंगाई, हा क्रम रोज तसाच ठेवावा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह दिवसभरात ११ ते १४ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९चे मार्गदर्शन सांगते. म्हणून रात्रीची झोप किती झाली ते आईला सकाळी दारातच विचारावे. न झोपणाऱ्या मुलाला मात्र जबरदस्तीने थोपटत राहू नये, शेजारी बसून पुस्तक चाळू द्यावे.

कमाटीबागेत, म्हणजे शहरातल्या मोठ्या उद्यानात, सहल नेण्याचा मोह पहिल्या आठवड्यात टाळावा. अंगणात पाने वेचण्याने तेवढेच समाधान होते.

शनिवारी मुले गेल्यावर वही उघडून कोण कोणत्या मधल्या वेळेला रडले ते पाहावे, त्यातली एकच वेळ निवडून तिची मांडणी बदलावी आणि सोमवारी दारात कोण उभे राहणार ते मावशींशी ठरवून मगच कुलूप लावावे.