जुनी डिझायनर बॅग किंवा कोट घेताय? या चुका टाळा

मध्यंतरी एका मैत्रिणीने फोटो पाठवला. तिच्या मामींनी ऐंशीच्या दशकात लंडनहून आणलेला ट्रेंचकोट कपाट आवरताना सापडला होता. खाली मेसेज: "लेबलवर 'बर्बरीज' लिहिलंय. कंपनीचं नाव तर बर्बरी. मामी फसली ना गं?"

लेबलावरून तरी मामी फसली नव्हती. नावातला शेवटचा 'ज' 1999 साली गळला. त्याआधीच्या कोटांवर 'बर्बरीज'च असायचं. उलट तेच लेबल लावलेला कोट कुणी "2010 चा आहे" म्हणून विकायला काढला, तर तिथे थांबावं. नुसत्या लेबलाच्या जोरावर कोट अस्सल ठरत नाही, हेही खरं. लेबल काय, कुणीही शिवून लावतं.

सेकंडहँड बाजारातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. जुनी वस्तू आपण आज शोरूमच्या काचेत दिसणाऱ्या वस्तूशी ताडून पाहतो. तिला तिच्या सालाचे प्रश्न विचारायला हवेत.

चेन दिसली की "2.55" म्हणणे

शनेलच्या बाबतीत हा घोळ सर्रास होतो, आणि विकणारेही त्यात मागे नाहीत. 2.55 हे नाव तारखेवरून आलं: फेब्रुवारी 1955. हातात धरायच्या पर्सच्या जमान्यात कोको शनेलने बॅगेला लांब चेन लावली आणि बाईचे दोन्ही हात मोकळे केले. त्या बॅगेची चेन सगळी धातूची आणि पुढची, बॅग बंद करायची फिरकी साधी, आयताकृती. या फिरकीला 'मादमोआझेल', म्हणजे फ्रेंचमध्ये कुमारी, म्हणतात, कारण शनेलबाईंनी लग्न केलं नाही.

मग एकमेकांत अडकलेले दोन 'सी' असलेली फिरकी आणि चामड्याची पट्टी ओवलेली चेन कुठून आली? डिझायनर कार्ल लागरफेल्ड 1983 साली शनेलमध्ये आले, त्यानंतरची ही करामत. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती हीच बॅग. तिचं नाव क्लासिक फ्लॅप. मूळ वळणाची 2.55 कंपनीने पन्नाशीच्या निमित्ताने 2005 मध्ये पुन्हा काढली.

म्हणजे "साठच्या दशकातली, आजीची" म्हणून दाखवलेल्या बॅगेवर दोन 'सी'ची फिरकी असेल, तर आजी खरी असेलही, साल खरं नाही. क्लासिक फ्लॅपला कुणी 2.55 म्हणालं, तर मात्र लगेच चोर ठरवू नका. अज्ञानही असू शकतं. भाव कोणत्या बॅगेचा लावलाय एवढं विचारा.

आतल्या नंबराच्या स्टिकरवर भिस्त ठेवणं ही याचीच धाकटी बहीण. स्टिकर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आले आणि 2021 मध्ये त्यांची जागा चिपने घेतली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याआधीच्या बॅगेत स्टिकर नसणं साहजिक आहे, आणि जुना स्टिकर वापराने निघूनही जातो. स्टिकरचा नंबर आणि बॅगेबरोबरच्या अस्सलतेच्या कार्डाचा नंबर जुळला म्हणून नाचू नका. नकली माल करणाऱ्यालाही तेवढं जुळवता येतं. त्यापेक्षा मागच्या खिशावरच्या, टाके घालून केलेल्या चौकटी बॅगेच्या चौकटींशी जुळतात का ते पाहा. ते जुळवायला कारागीर लागतो.

उलटा मोनोग्राम म्हणजे नकली

हा सल्ला इंटरनेटवर इतक्या ठिकाणी लिहिलेला असतो की खोडून खोडून मी थकले. लुई व्हिटॉनच्या स्पीडी किंवा कीपॉलसारख्या बॅगांमध्ये कॅनव्हासचा एकच सलग तुकडा तळाखालून वळवून दोन्ही बाजूंना येतो. पुढून मोनोग्रामची, म्हणजे कॅनव्हासवरच्या 'एलव्ही' नक्षीची, अक्षरं सुलटी, तर मागून उलटी येणारच. तळाशी जोड नसताना दोन्हीकडे अक्षरं सुलटी दिसली, तरच भुवई उंचवा.

हा मोनोग्राम 1896 चा, लुई यांच्या मुलाने, जॉर्ज यांनी, काढलेला. लुई तोवर वारले होते. मुख्य अंग लेप दिलेल्या कॅनव्हासचं असतं. त्यावर लेदर क्रीम चोळून काही साधत नाही. चामडं फक्त हँडल आणि कडांना, तेही वरून काहीही न चढवलेलं. ते उन्हाने आणि हाताच्या घामाने मधासारखं गडद होत जातं. चाळीस वर्षं वापरलेल्या बॅगेची हँडल दुधासारखी पांढरी असतील तर ती बदललेली आहेत, किंवा चाळीस वर्षं ही थाप आहे.

एर्मेस: कार्ड मागणे, सरळ टाके शोधणे

एर्मेस बॅगेबरोबर 'अस्सलतेचं कार्ड' देत नाही. विक्रेता अभिमानाने कार्ड पुढे करत असेल तर निघा. टाक्यांचंही तसंच. दोन सुया आणि एक दोरा घेऊन हाताने घातलेला हा खोगीर शिवायचा टाका किंचित तिरका पडतो. 1837 साली घोड्यांच्या साजापासून सुरू झालेलं हे घराणं आहे. मशीनसारखी सरळ रेघ दिसली तर तीच खटकायला हवी.

सालांचा हिशोब थोडक्यात: केली ही मुळात 1930 च्या दशकातली बॅग. 1956 मध्ये अभिनेत्री ग्रेस केलीने तिच्याआड गरोदर पोट झाकल्याचा फोटो गाजला, पण कंपनीने ते नाव अधिकृत केलं 1977 साली. बर्किन 1984 ची. त्यामुळे "सत्तरच्या दशकातली बर्किन" असूच शकत नाही. आणि गंमत म्हणजे अभिनेत्री-गायिका जेन बर्किनसाठी बनवलेली पहिली बॅग नंतरच्या बॅगांपेक्षा वेगळी आहे. तिला न निघणारा खांद्याचा पट्टा आहे. शोरूमच्या मापाने तिलाही कुणी नकली म्हटलं असतं. जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात ती सुमारे 86 लाख युरोंना गेली.

डिओरबद्दल एवढंच: लेडी डिओर ही बॅग राजकन्या डायनाला भेट मिळाली 1995 मध्ये. तिच्या लग्नाच्या वेळची लेडी डिओर कुणी दाखवली तर चहा पिऊन परत या.

घरी आणल्यावर

मुंबई-कोकणचा पावसाळा या वस्तूंचा खरा वैरी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चामड्याला हमखास बुरशी लागते. सुती पिशवी वापरा. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते. शनेलची चेन बॅगेत तशीच टाकलीत तर कोवळ्या चामड्यावर वळ उठतात, आणि ते जात नाहीत. कड्या पिवळ्या पडल्या म्हणून पितळ घासायची पावडर घेऊ नका. वरचा मुलामा निघून जाईल.

काही जुन्या बॅगांचं आतलं सिंथेटिक अस्तर दमट हवेत चिकट होऊन सोलवटतं. त्यावर टाल्कम पावडर मारून ती विकणारे आहेत, म्हणून घेताना आत हात घालून पाहाच. अशी बॅग आधीच गळ्यात पडली असेल तर अस्तर बदलून घेता येतं. फक्त कारागिराला आधी बजावा, की जुन्या अस्तराचा, बॅगेचा ओळख-कोड असलेला तुकडा कापून तुमच्या हातात द्यायचा.